मागच्या डाव्या सीटवरून: मर्सिडीज एस-क्लास, बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज, ऑडी ए८ आणि आमचं बडोदा

दीड-दोन कोटीच्या सेडानबद्दल नेटवर वाचायला बसलं की सगळीकडे तेच, शून्य ते शंभर किती सेकंदात, हॉर्सपॉवर किती, स्क्रीन किती इंची, आणि रिव्ह्यू करणारा माणूस सगळा वेळ पुढे उजवीकडे बसलेला. पण आपल्याकडे ही गाडी घेणारा माणूस बसतो कुठे? मागे, डावीकडे. त्याला हे कळायला हवं की त्या सीटवर बसून घरून निघून अहमदाबादला पोचेपर्यंत कंबरेचं काय होतं, आणि चार वर्षांनी गाडी विकायला काढली की हातात काय राहतं. ह्या दोन प्रश्नांची उत्तरं मला एका जागी कुठेच मिळाली नाहीत म्हणून हे लिहितोय. लांबलचक होणार आहे, पण ज्याला खरंच घ्यायचीये त्याने शेवटपर्यंत वाचा.

मी बडोद्यात एका सीए फर्ममध्ये काम करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या डेप्रिसिएशनचे, म्हणजे दरवर्षी किंमत किती घटली त्याचे हिशोब, आणि गाड्यांचं वेड शाळेपासूनचं. आमचे एक जुने क्लायंट आहेत, मकरपुरा जीआयडीसीत कारखाना, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांना जुनी गाडी बदलायची होती. कंबरेचं दुखणं, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि लेक पुण्याला दिलेली त्यामुळे बडोदा-पुणे हा रस्ता कायमचाच. "तू ये रे बरोबर, ते शोरूमवाले बोलतात त्यातलं मला अर्धं कळत नाही आणि ह्याला फक्त पळणारी गाडी हवी," असं अण्णा म्हणाले, हा म्हणजे त्यांचा मुलगा. मग मी, अण्णा, मुलगा आणि त्यांचे वर्षानुवर्षांचे ड्रायव्हरकाका असे आम्ही चौघं गाड्या बघत फिरलो. तुम्ही पण ड्रायव्हरला बरोबर न्याच, ही गाडी रोज हातात घेणार तो आहे, आणि त्याला ज्या गोष्टी दिसतात त्या मालकाला कधीच दिसत नाहीत.

प्रत्येक गाडी शक्यतो एकाच रस्त्यावर न्यायची असं मी ठरवून ठेवलं होतं. रेसकोर्सवरून निघायचं, अकोटा-दांडिया बाजार ब्रिजवरून दांडिया बाजार, तिथून रावपुरा, सूरसागरच्या बाजूने फिरून बाहेर, आणि मग अहमदाबादच्या एक्सप्रेस वेवर आणंदपर्यंत जाऊन परत. म्हणजे ट्रॅफिक, स्पीडब्रेकर, खोदून अर्धवट बुजवलेले रस्ते आणि मोकळा हायवे, सगळं आलं. शोरूमवाले आपल्या आवडीच्या गुळगुळीत रस्त्यावर नेऊन आणतात, तिथे आठ लाखाची गाडीसुद्धा छान वाटते.

आधी एक प्रश्न निकालात काढतो कारण तो अण्णांच्या घरी पण निघाला होता, सेडान कशाला, त्याच पैशात मोठी एसयूव्ही का नाही. चढा-उतरायला एसयूव्ही सोपी, हे खरंय, आणि खराब रस्त्यावर पोटाला लागत नाही हे पण खरं. पण उंच गाडीत मागे बसणाऱ्याचं डोकं प्रत्येक खड्ड्याला डावी-उजवीकडे हलतं, एक चाक खाली गेलं की सगळी बॉडी त्या बाजूला झुकते आणि मग सावरते, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलणारं) असलं तरी उंचीचं गणित बदलत नाही. सेडानमध्ये माणूस जमिनीच्या जवळ बसतो, हेलकावा कमी बसतो. कंबर दुखणाऱ्याला एका धक्क्याचा तेवढा त्रास होत नाही, पाच तास सतत अंग सावरत बसावं लागतं त्याचा होतो, आणि म्हणून लांबच्या प्रवासाला मी अजूनही सेडानच सांगतो. आजकाल जो तो एसयूव्ही घेत सुटलाय ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता एस-क्लास. हे नाव १९७२ साली आलं आणि तेव्हापासून ह्या वर्गातल्या बाकी सगळ्या गाड्या हिच्याशी तुलना करूनच बनतात. मला ह्या गाडीबद्दल जो आदर आहे तो लेदर आणि लाकडामुळे नाही. १९७८ साली बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) ह्याच गाडीत आलं, १९८१ साली ड्रायव्हरची एअरबॅग पण ह्याच गाडीत आली, आणि आपल्याकडे ह्या दोन्ही गोष्टी सगळ्या गाड्यांना कम्पल्सरी व्हायला २०१९ उजाडावं लागलं. चाळीस वर्षं! म्हणजे आज आपण अल्टोत बसतो तेव्हा त्यातला ब्रेक कधीकाळी जगातल्या सगळ्यात महागड्या गाड्यांमध्ये तपासला गेलेला असतो. म्हणून ज्यांना ही गाडी कधीच घ्यायची नाही त्यांनी पण हिच्याकडे लक्ष ठेवावं असं मला वाटतं.

सध्याची पिढी २०२० ची, भारतात २०२१ मध्ये आली, आणि त्याच वर्षी पुण्याजवळ चाकणला असेंब्ली सुरू झाल्यावर ३५०डी ची किंमत १.५७ कोटी आणि ४५० फोरमॅटिकची १.६२ कोटी ठेवली होती, एक्स-शोरूम. नंतर वाढत गेली. ३५०डी म्हणजे तीन लिटरचं सहा सिलिंडर डिझेल, २८६ हॉर्सपॉवर आणि ६०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ. पेट्रोल ४५० मध्ये ३६७ हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन मीटर. कागदावर पेट्रोल फास्ट आहे, पण मागे बसून मला आणि अण्णांना डिझेलच जास्त शांत वाटली, कारण टॉर्क इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो, गिअर उगाच खाली पडत नाही, ओव्हरटेक करताना पण इंजिन ओरडत नाही. ज्याचा रस्ता पुण्या-मुंबईचा आहे त्याला डिझेल.

मागची सीट. पाठ ४३.५ अंशांपर्यंत मागे जाते, पुढची डावी सीट बटणाने पार पुढे सरकते, आणि तिथे डोकं टेकवायला जी मऊ उशी आहे ती ह्या गाडीतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे हे मी पूर्ण गांभीर्याने सांगतोय. अण्णा आणंदच्या आधीच झोपले. पण खरी परीक्षा रावपुऱ्यात झाली, तिथे एका जागी पाइपलाइन टाकून रस्ता वरवर बुजवलेला, त्यावरून गाडी गेली तेव्हा आवाज आला, धक्का आला नाही. हे एअरमॅटिकचं, म्हणजे मर्सिडीजच्या एअर सस्पेन्शनचं काम. शिवाय मागची चाकं पण दहा अंशांपर्यंत वळतात, सव्वापाच मीटरहून लांब गाडी आणि ड्रायव्हरकाकांनी ती दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत एका फटक्यात वळवली, नंतर म्हणाले, "साहेब, आपली जुनी गाडी इथे दोनदा मागेपुढे करावी लागते." एवढं एक वाक्य मला कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळालं नव्हतं.

न आवडलेलं पण सांगतो. समोरची मोठी टचस्क्रीन. एसीचा पंखा कमी करायचा तर स्क्रीनवर बघावं लागतं, काकांना ते अजिबात पसंत पडलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, चालत्या गाडीत नजर रस्त्यावरून काढायला लावणारी कुठलीही गोष्ट वाईटच. दुसरं म्हणजे आधीच्या पिढीच्या मानाने काही प्लास्टिकचे भाग ह्या किमतीला शोभत नाहीत, दारावरची बटणं जरा हलतात.

सेव्हन सिरीज ह्या पिढीत पार बदलली. आधी सेव्हन म्हणजे चालवणाऱ्याची गाडी, एस-क्लास म्हणजे बसणाऱ्याची, अशी सरळ वाटणी होती, ती २०२२ च्या मॉडेलने मोडली. भारतात जानेवारी २०२३ ला आली, ७४०आय १.७० कोटी आणि इलेक्ट्रिक आय७ १.९५ कोटी. पुढून दिसते कशी ह्यावर अण्णांच्या घरात अजून भांडण चालू आहे, वहिनींना ती अजिबात आवडत नाही, मला हळूहळू आवडायला लागलीये. पण आत बसल्यावर हा वाद संपतो. छतातून ३१.३ इंचाची स्क्रीन खाली येते, पडदे आपोआप लागतात, बोवर्स अँड विल्किन्सचा आवाज असा की अण्णांनी लावलेल्या जुन्या भीमपलासात तानपुरा वेगळा ऐकू येत होता. तिथे ते खरोखर भारावले. मुलाला वाटलं होतं वडिलांना हे सगळं थिल्लर वाटेल, तसं काही झालं नाही.

पण ती स्क्रीन खाली आली की काकांच्या आतल्या आरशात मागचं काहीच दिसत नाही. शहरात रिक्षा आणि ॲक्टिव्हा दोन्ही बाजूंनी घुसत असताना हे मला चालणार नाही, स्क्रीन फक्त हायवेवर किंवा उभ्या गाडीत वापरायची.

गुडघ्याच्या बाबतीत सेव्हन जिंकली, हे लक्षात घ्या. ही गाडी १५४४ मिलिमीटर उंच आहे, एस-क्लास १५०३. चार सेंटिमीटर म्हणजे काय ते ज्याने गुडघ्याचं ऑपरेशन केलेल्या माणसाला गाडीतून उतरताना बघितलंय त्याला विचारा. अण्णा सेव्हनमधून दाराला न धरता उतरले. दारं पण बटणाने आपोआप उघडतात, आणि त्यांना सेन्सर आहेत, शेजारून स्कूटर येत असेल तर दार थांबतं. आमच्याकडे अशा वेळी सेन्सरवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न आहेच, काका स्वतः उतरूनच दार उघडतात.

राइड? एक्सप्रेस वेवर दोन्ही सारख्या, खराब रस्त्यावर कमी स्पीडला एस-क्लास थोडी पुढे. फरक थोडा आहे, पण कंबर दुखणाऱ्याला तो कळतो.

चालवायला मात्र ७४०आय फारच मजेची. ३८० हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडर, शंभरला ५.४ सेकंद, आणि मुलगा चालवत होता तेव्हा एवढी मोठी गाडी लहान वाटायला लागली. ज्या घरात रविवारी मालक स्वतः गाडी काढतो त्या घरात सेव्हनच यावी. डिझेल ७४०डी पण आहे, २८६ हॉर्सपॉवर, ६५० न्यूटन मीटर, २०२३ च्या शेवटी १.८१ कोटीला आली.

आय७ बद्दल वेगळं लिहावं लागेल. ५४४ हॉर्सपॉवर, ७४५ न्यूटन मीटर, शंभरला ४.७ सेकंद, आणि हे सगळं आवाजाशिवाय. ज्यांना आणखी हवंय त्यांच्यासाठी एम७० आहे, ६६० हॉर्सपॉवर आणि ३.७ सेकंद, लाँचला अडीच कोटी, पण मागे बसून ३.७ सेकंदाचा काय उपयोग हे मला कोणी समजावून सांगा, चहा पिताना असा झटका नको असतो. साधी आय७ मात्र मागे बसणाऱ्यासाठी अप्रतिम आहे, कारण गिअर बदलणं हा प्रकारच नाही, सिग्नलवरून निघताना आणि थांबताना अंगाला काही कळत नाही, आणि रावपुऱ्यासारख्या थांबत-थांबत जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये आम्ही बसलेल्या सगळ्या गाड्यांत हीच सगळ्यात आरामाची होती. वजन अडीच टनांच्या वर आहे, ते एखाद्या मोठ्या खड्ड्यात जाणवतं, टायरचा दणका येतो.

बॅटरी १०१.७ किलोवॅट अवरची, डब्ल्यूएलटीपी (युरोपातली टेस्ट) रेंज ६२५ किलोमीटरपर्यंत. मर्सिडीजची ईक्यूएस ५८० ह्याच्याही पुढे जाते, तिची बॅटरी १०७.८ किलोवॅट अवर आणि एआरएआयचा (आपल्याकडे टेस्ट करणारी संस्था) आकडा ८५७ किलोमीटर, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, दोन्ही टेस्ट वेगळ्या आहेत आणि एआरएआयचा आकडा कायम जास्तच दिसतो. खऱ्या रस्त्यावर एसी लावून शंभरच्या स्पीडने दोन्ही गाड्या बडोदा-अहमदाबाद-बडोदा आरामात करतील, चार्जरकडे बघायला पण लागणार नाही. पुण्याला जाताना वाटेत एकदा थांबावं लागेल असं धरून चाला. ईक्यूएस चाकणला बनते म्हणून २०२२ मध्ये १.५५ कोटीला मिळत होती, म्हणजे पैशाच्या हिशोबाने फार चांगली, पण मागे बसलं की खाली बॅटरीमुळे फ्लोअर वर आलेला, मांड्यांना खालून आधार कमी पडतो, अण्णांचे गुडघे वर आले आणि त्यांनी तिथेच नको म्हणून सांगितलं. चालवणाऱ्याला ती आवडेल. मागच्या सीटसाठी आय७.

ऑडी ए८ एल वर मी जास्त वेळ घालवत नाही, गाडी वाईट म्हणून नाही, तर नवी घेण्यापेक्षा जुनी घेण्यात तिचं खरं मोल आहे म्हणून. २०२२ मध्ये फेसलिफ्ट १.२९ कोटीपासून आली, तीन लिटरचं व्ही६ पेट्रोल, ३४० हॉर्सपॉवर, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद. १९९४ च्या पहिल्या ए८ पासून ॲल्युमिनियमच्या बॉडीसाठी ही गाडी ओळखली जाते. मागे रिलॅक्सेशन पॅकेज असेल तर पुढच्या सीटच्या पाठीवर पाय ठेवून तळव्यांना मसाज मिळतो, आणि हे ऐकायला कसंही वाटलं तरी अण्णांनी सगळ्यात जास्त वेळ तिथेच काढला. आतली फिटिंग मला ह्या सगळ्यांत सगळ्यात नीट वाटली, प्रत्येक बटण दाबल्यावर एकाच ताकदीने दबतं. दिसायला साधी, रस्त्यात कोणी वळून बघत नाही, काही माणसांना तेच हवं असतं.

लेक्सस एलएस ५००एच बडोद्यात क्वचितच दिसते, पण तिचा इतिहास मला फार प्रिय आहे. १९८९ साली टोयोटाने एलएस ४०० आणली तेव्हा इचिरो सुझुकी हे चीफ इंजिनिअर होते, आणि त्यांनी आवाज आणि थरथर इंजिनातच कमी करायची, वरून आच्छादन घालून लपवायची नाही असा हट्ट धरला होता. त्या एका गाडीने जर्मन कंपन्यांना जागं केलं. सध्याच्या हायब्रिड एलएस मध्ये हाताने केलेलं काम बघत बसावं असं आहे, पण ती खाली आहे, उतरायला त्रास, आणि सर्व्हिस सेंटर मोजक्याच शहरांत. अण्णांच्या यादीतून ती लगेच गेली, मला वाईट वाटलं.

एक मधेच, पण महत्त्वाचं. मागे बसलात तरी बेल्ट लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री गेले ते आपल्याच अहमदाबाद-मुंबई हायवेवर, पालघरजवळ, मागच्या सीटवर होते आणि बेल्ट नव्हता. कितीही महाग गाडी असली तरी बेल्ट नसेल तर एअरबॅगचा पुरेसा उपयोग होत नाही. एस-क्लासच्या ह्या पिढीत मागे बसणाऱ्यांसाठी पुढच्या सीटच्या पाठीतून उघडणारी एअरबॅग पहिल्यांदा आली, ती तुम्ही घेताय त्या व्हेरियंटला आहे का हे विचारून घ्या. आणि गाडी स्पीडमध्ये असताना सीट पूर्ण आडवी करून झोपू नका, बेल्ट पोटावरून वर सरकतो आणि अपघातात माणूस त्याच्या खालून घसरतो.

आता पैसे, जे माझं रोजचं काम आहे. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सोय) मिळत नाही, सेक्शन १७(५) मध्ये ते अडवलेलं आहे, म्हणजे जीएसटी गाडीच्या किमतीतच धरायचा. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या सेडानवर २८ टक्के आणि वर २० टक्के सेस असे ४८ टक्के होते, त्या तारखेपासून सेस गेला आणि सरळ ४० टक्के झाले. इलेक्ट्रिकवर आधीही ५ आणि आताही ५. म्हणजे आय७ आणि ७४०आय च्या किमतीत जो फरक दिसतो तो टॅक्सनेच दाबून ठेवलाय, आय७ पूर्ण बनून बाहेरून येते, तिच्यावर कस्टम ड्यूटी जबर, ७४०आय चेन्नईला असेंबल होते.

पण खरा फरक डेप्रिसिएशनमध्ये आहे आणि तो शोरूममध्ये कोणी नीट सांगत नाही. इन्कम टॅक्समध्ये साध्या कारवर १५ टक्के, इलेक्ट्रिकवर ४० टक्के, रिटन डाऊन पद्धतीने, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर. लाँचच्या किमती धरून हिशोब करू या. ७४०आय १.७० कोटी, पहिल्या वर्षी २५.५ लाख वजा, तीन वर्षांत मिळून साधारण ६५.६ लाख. आय७ १.९५ कोटी, पहिल्याच वर्षी ७८ लाख, तीन वर्षांत १.५३ कोटीच्या जवळ. कंपनीचा टॅक्स सेस-सरचार्ज धरून २५.१७ टक्के असेल तर तीन वर्षांत ७४०आय मुळे साडेसोळा लाखाच्या आसपास वाचतात आणि आय७ मुळे साडेअडतीस लाखाच्या आसपास. म्हणजे बावीस लाखांचा फरक, किमतीतला पंचवीस लाखांचा फरक जवळपास तिथेच भरून निघतो, पेट्रोलचे वेगळे.

थांबा, लगेच बुकिंग करायला धावू नका. पहिलं म्हणजे गाडी आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी अर्धंच डेप्रिसिएशन मिळतं, म्हणून सप्टेंबर संपायच्या आत गाडी रस्त्यावर आली पाहिजे, मार्चमध्ये घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. दुसरं, विकाल तेव्हा विक्रीची किंमत त्या ब्लॉकमधून (एकाच दराच्या मालमत्तांच्या उरलेल्या किमतीतून) वजा होते, म्हणजे आज वाचलेल्या टॅक्सचा काही भाग पुढे द्यावाच लागतो. तिसरं, घरच्या वापराचा हिस्सा वेगळा काढावा लागतो, आणि अधिकारी विचारतात. पगारदार माणसाने स्वतःच्या नावावर गाडी घेतली तर ह्यातलं काहीच नाही. गाडी घेण्याआधी आपल्या सीएशी बसून एक कागद करा, तासाभराचं काम आहे.

बडोद्यात राहणाऱ्याने ह्या हिशोबात आणखी एक गोष्ट धरलीच पाहिजे, पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलं, समा, कारेलीबाग, अकोटा, किती सोसायट्यांच्या बेसमेंटमध्ये गाड्या बुडाल्या. ह्या गाड्यांमध्ये कितीतरी कंट्रोल युनिट आणि वायरिंग सीटखाली, कार्पेटखाली असतं, पाणी सीटच्या उंचीला आलं की इंजिन शाबूत असूनही गाडी संपते. आमच्याकडे त्या महिन्यात इन्शुरन्सचे कागद घेऊन आलेल्या माणसांच्या चेहऱ्यांकडे बघवत नव्हतं, एकाने तर पाणी ओसरल्यावर स्वतः स्टार्ट मारून बघितली होती. ते कधीच करायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत तो क्लेम नाकारला जाऊ शकतो. म्हणून दोन ॲड-ऑन घ्याच, इंजिन प्रोटेक्ट आणि रिटर्न टू इनव्हॉइस. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, तेव्हा रिटर्न टू इनव्हॉइस नसेल तर हातात फक्त आयडीव्ही येते, आणि दोन वर्षांची आयडीव्ही आणि तुम्ही भरलेली किंमत ह्यात लाखोंचं अंतर असतं. एअर सस्पेन्शनने गाडी थोडी वर उचलता येते हे खरं, पण ते स्पीडब्रेकरसाठी आहे, पुरासाठी नाही.

आणि आता ज्यांचं बजेट पन्नास ते ऐंशी लाख आहे त्यांच्यासाठी, कारण मला सगळ्यात जास्त फोन ह्याचेच येतात. माझ्यासमोर येणाऱ्या कागदांवरून सांगतो, ह्या वर्गातली गाडी तीन-चार वर्षांत निम्म्याच्या आसपास किमतीला येते. पहिल्या मालकाने तो सगळा तोटा सोसलेला असतो, तुम्ही फक्त आराम घ्यायचा. ए८ एल इथे सगळ्यात फायद्याची, कारण तिला मागणी कमी म्हणून किंमत जास्त घसरते आणि आराम काही कमी होत नाही. एस-क्लास ३५०डी जुनी पण महागच मिळते, पण विकताना पण तेवढीच टिकते. गाडी कंपनीच्या सर्टिफाइड प्रोग्रॅममधून आणि वॉरंटी शिल्लक असलेलीच घ्या, एअर सस्पेन्शनची एक बाजू गेली तरी लाखात खर्च येतो.

दोन प्रकारच्या गाड्यांपासून लांब राहा. एक, दिल्लीहून आलेली जुनी डिझेल. तिकडे दहा वर्षांच्या वरच्या डिझेलवर सरसकट बंदी होती त्यामुळे मोठ्या गाड्या मातीमोल भावात निघाल्या, पण इथे रजिस्ट्रेशन ट्रान्सफर, पुन्हा टॅक्स, आणि दहा वर्षांच्या गाडीचे इलेक्ट्रॉनिक्स, ह्यात स्वस्ताई विरून जाते. दुसरी, पुरातली गाडी. विकणारा सांगणार नाही. चारी सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला मातीची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हेडलाइटच्या आत पाण्याची रेषा, कार्पेट उचलल्यावर कुबट वास. जुन्या इन्शुरन्स क्लेमची हिस्टरी मागून घ्या, ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ चा मोठा क्लेम दिसला तर निघून या.

अण्णांनी शेवटी आय७ बुक केली. मुलाला ७४०आय हवी होती, माझं मत ३५०डी होतं कारण पुण्याचा रस्ता, पण अण्णांचं म्हणणं की आठवड्यातले सहा दिवस घर ते मकरपुरा आणि मकरपुरा ते घर, पुणे महिन्यातून एकदा, मग रोजच्या रस्त्याची गाडी घ्यायची की महिन्यातल्या एका दिवसाची. आणि बंगल्यात चार्जर लावायला जागा आहे, तिथे रात्रभरात पूर्ण चार्ज होते. चार्जर लावताना पुराचं पाणी लक्षात घेऊन एक करा, तो आणि त्याचा एमसीबी (सर्किट ब्रेकर) बॉक्स जमिनीपासून निदान पाच फूट वर बसवून घ्या, इलेक्ट्रिशियन सोयीसाठी कमरेच्या उंचीवर लावतो. अण्णांकडे आम्ही पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या लँडिंगवर बसवून केबल खाली आणली, आणि पावसाळ्यात गाडी उभी करायला रेसकोर्सकडच्या उंचावरच्या एका बिल्डिंगमध्ये ओळखीने एक जागा आत्ताच बोलून ठेवली आहे.